पोलिसांची सनद आणि गैरवर्तनाची चौकशी

एखाद्या वकिलाने पक्षकाराची रक्कम हडप केली आणि तो दोष सिद्ध झाला, तर १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमान्वये वकील परिषदेची शिस्तपालन समिती त्याचे नाव पटावरून कमी करू शकते. सनद गेली की त्याला बेळगावच्या न्यायालयात उभे राहता येत नाही; त्याचप्रमाणे पणजी, बडोदे किंवा इंदूर येथेही वकिली करता येत नाही. वैद्यक परिषदेने नोंदवहीतून नाव कमी केलेल्या डॉक्टराचीही तीच गत होते. या दोन्ही उदाहरणांत दोषी व्यक्तीची केवळ एक जागा जात नाही, तर तो व्यवसाय करण्याचा अधिकारच जातो.

पोलीस अधिकाऱ्याच्या हाती तर याहूनही मोठी सत्ता असते. नागरिकास अटक करणे, त्याच्या घराची झडती घेणे आणि प्रसंगी शस्त्र चालविणे हे अधिकार समाजाने विश्वासाने त्याच्या स्वाधीन केलेले असतात. कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावी, ही सामान्य माणसाची जुनी चिंता आहे. म्हणूनच पोलिसाच्या व्यवसायालाही सनद असावी काय, आणि असल्यास गैरवर्तनाच्या चौकशीशी तिचा संबंध कसा असावा, हा प्रश्न अभ्यासण्यासारखा आहे. या बाबतीत सर्वांत अधिक प्रयोग अमेरिकेच्या घटक राज्यांत झाले असल्याने मुख्यतः तेथील अनुभवाचा विचार येथे केला आहे.

नोकरी आणि सनद यांतील भेद

नोकरी हा मालक आणि सेवक यांच्यामधील संबंध होय. मालकाने सेवकास काढून टाकले की तो संबंध संपतो. परंतु दुसऱ्या मालकाकडे जाण्याचा मार्ग सेवकास मोकळाच राहतो. सनद हा व्यक्ती आणि समाज यांच्यामधील संबंध होय. अमुक व्यक्ती हे काम करण्यास पात्र आहे, अशी ती समाजाने दिलेली ग्वाही असते. ती काढून घेतल्यास व्यक्ती कोठेही गेली तरी तिची अपात्रता तिच्याबरोबर जाते.

याचा चौकशीशी संबंध असा की, चौकशी केवळ नोकरीशी जोडलेली असेल तर नोकरी सुटताच चौकशीचे प्रयोजन संपते. राजीनामा दिला की फाईल बंद होते. चौकशी सनदेशी जोडलेली असेल, तर मात्र राजीनाम्याने तिच्यातून सुटका होत नाही. कारण प्रश्न त्या जागेचा नसून त्या व्यक्तीच्या पात्रतेचा असतो.

अमेरिकेतील पोलीस व्यवस्था

भारतात पोलीस हा राज्यसूचीतील विषय असून प्रत्येक राज्याचे एकच पोलीस दल असते. अमेरिकेची रचना याहून अगदी निराळी आहे. तेथे प्रत्येक शहर, उपनगर, परगणा, किंबहुना लहानसे खेडेही आपले स्वतंत्र पोलीस खाते ठेवू शकते. अशी सुमारे १८,००० खाती त्या देशात आहेत, आणि स्थानिक खात्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत दहापेक्षाही कमी पूर्णवेळ अधिकारी असतात. प्रत्येक खाते स्वतःची भरती स्वतः करते. साहजिकच एका गावातून काढलेला अधिकारी पुढच्या गावात अर्ज करू शकतो, आणि मनुष्यबळाची टंचाई असलेले लहान खाते, विशेषतः प्रशिक्षणाचा खर्च वाचतो म्हणून, त्याला रुजू करून घेते.

या विखुरलेल्या खात्यांना किमान एक समान पातळी असावी, या हेतूने १९५९ साली कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या राज्यांनी पोलिसांच्या भरतीची व प्रशिक्षणाची मानके ठरविणारी मंडळे स्थापन केली. पुढे इतर राज्यांनीही त्यांचे अनुकरण केले. ही मंडळे प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यास प्रमाणपत्र देऊ लागली. हेच प्रमाणपत्र म्हणजे तेथील पोलिसांची सनद होय. काळाच्या ओघात बहुतेक राज्यांनी ते देण्याबरोबरच काढून घेण्याचा अधिकारही मंडळांना दिला. तथापि अनेक राज्यांत तो अधिकार इतका संकुचित होता की, अधिकाऱ्यास गंभीर गुन्ह्याबद्दल न्यायालयात शिक्षा झाल्यावाचून तो सहसा वापरताच येत नसे.

एका बालकाचा मृत्यू

या उणिवेची किंमत काय असू शकते, हे ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरी घडलेल्या घटनेवरून ध्यानात येते. २२ नोव्हेंबर १९१४ नव्हे, तर अगदी अलीकडच्या काळातील, म्हणजे २२ नोव्हेंबर २०१४ ची ही गोष्ट आहे. टामीर राइस नावाचा बारा वर्षांचा मुलगा एका उद्यानात खेळण्यातले पिस्तूल घेऊन खेळत होता. कोणीतरी पोलिसांना दूरध्वनी केला. हा बहुधा लहान मुलगा असून पिस्तूलही बहुधा खोटे आहे, असे त्या व्यक्तीने सांगितले होते. परंतु हे शब्द घटनास्थळी जाणाऱ्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचलेच नाहीत. गाडी थांबल्यावर दोन सेकंदांच्या आत एका अधिकाऱ्याने गोळी झाडली. दुसऱ्या दिवशी मुलगा मरण पावला.

त्यानंतर जी माहिती बाहेर आली ती या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. गोळी झाडणारा अधिकारी पूर्वी जवळच्याच एका उपनगराच्या पोलीस खात्यात होता. शस्त्र हाताळण्याच्या सरावाच्या वेळी त्याचे मनःस्वास्थ्य ढळलेले दिसले, आणि त्याला सेवेत ठेवू नये, असा अभिप्राय वरिष्ठाने २०१२ साली लेखी नोंदविला होता. त्याच सुमारास त्याने राजीनामा दिला. क्लीव्हलँडच्या खात्याने २०१४ साली त्याला घेतले, तेव्हा पूर्वीच्या खात्यातील त्याची सेवा-नस्ती मागवून पाहिलीच नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये ज्यूरीने त्याच्यावर फौजदारी आरोप ठेवण्यास नकार दिला. २०१६ साली शहराने मुलाच्या कुटुंबास ६० लक्ष डॉलर देऊन दिवाणी दावा मिटविला. मे २०१७ मध्ये त्या अधिकाऱ्यास नोकरीतून काढण्यात आले. पण ते गोळीबाराबद्दल नव्हे, तर नोकरीच्या अर्जात पूर्वीच्या सेवेविषयी खोटी माहिती दिल्याबद्दल. एवढ्यावरही प्रकरण संपले नाही. २०१८ साली ओहायोतील, २०२२ साली पेनसिल्व्हेनियातील आणि २०२४ साली वेस्ट व्हर्जिनियातील एकेका लहान गावाने त्याला पोलीस म्हणून घेतले. प्रत्येक वेळी लोकांत ओरड झाल्यावर त्याला बाजूला व्हावे लागले. जे काम कायद्याने आणि दप्तराने करावयाचे, ते प्रत्येक ठिकाणी लोकक्षोभाला करावे लागले.

चार प्रकारच्या चौकश्या

वरील घटनेत फौजदारी, दिवाणी आणि खात्यांतर्गत अशा तीन कार्यवाही झाल्या. सनदेची चौकशी ही चौथी. या चारही चौकश्यांची प्रयोजने भिन्न आहेत आणि एकीचे काम दुसरी करू शकत नाही.

फौजदारी चौकशीचा प्रश्न असा असतो की, गुन्हा घडला काय? तेथे दोष निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, कारण शिक्षा कारावासाची असते. दिवाणी दाव्यात नुकसानभरपाई कोणी व किती द्यावी, हे ठरते. ती बहुधा शहराच्या तिजोरीतून, म्हणजेच करदात्यांच्या पैशातून जाते. खातेनिहाय चौकशीत अधिकाऱ्याने नियम मोडला काय आणि त्याला नोकरीत ठेवावे काय, हे पाहिले जाते. सनदेच्या चौकशीत मात्र, या व्यक्तीच्या हाती कोणत्याही गावाने पोलिसाचा अधिकार द्यावा काय, हा प्रश्न असतो.

फौजदारी न्यायालयातून सुटलेला अधिकारी सनदेस पात्रच ठरतो असे नाही. खोटा अहवाल लिहिणे, सहकाऱ्याची मारहाण डोळ्यांदेखत पाहूनही न थांबविणे, चौकशीस सहकार्य नाकारणे या गोष्टींसाठी प्रत्येक वेळी तुरुंगवास होईलच असे नाही; परंतु त्या विश्वासाला तडा देणाऱ्या आहेत. सनद रद्द करण्यासाठी फौजदारी शिक्षेचीच अट घालणे म्हणजे या सर्व गोष्टींकडे डोळेझाक करणे होय.

या चौकश्यांमधील सीमारेषाही जपावी लागते. "उत्तर द्या, नाहीतर नोकरी जाईल," अशा दडपणाखाली पोलिसांकडून घेतलेली विधाने त्यांच्याविरुद्ध फौजदारी खटल्यात वापरता येणार नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली गॅरिटी खटल्यात दिला. त्यामुळे खातेनिहाय चौकशी करणारे आणि फौजदारी तपास करणारे अधिकारी तेथे शक्यतो वेगळे ठेवले जातात. एका चौकशीतील घाईमुळे दुसरी निष्फळ ठरू नये, हा त्यामागील हेतू आहे.

कॅलिफोर्नियाचा कायदा

मानक मंडळ सर्वांत आधी स्थापन करणाऱ्यांपैकी एक असलेले कॅलिफोर्निया राज्य सनद काढून घेण्याच्या बाबतीत मात्र दीर्घकाळ मागे होते. २००३ सालच्या कायद्याने गैरवर्तनाच्या कारणावरून प्रमाणपत्र रद्द करण्याचा मंडळाचा अधिकारच काढून घेण्यात आला होता. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड या नागरिकाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला आणि देशभर आंदोलने उसळली. त्यानंतर ३० सप्टेंबर २०२१ रोजी कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली. २०१८ साली गार्डिना येथे पोलिसांच्या गोळीने मरण पावलेल्या केनेथ रॉस या तरुणाचे नाव त्या कायद्यास देण्यात आले. सनद रद्द करण्याची तरतूद १ जानेवारी २०२३ पासून प्रत्यक्षात आली.

या कायद्याने गंभीर गैरवर्तनाचे प्रकार स्पष्टपणे सांगितले आहेत. त्यांत अप्रामाणिकपणा, अधिकाराचा गैरवापर, अवाजवी बळाचा वापर, लैंगिक अत्याचार, पक्षपात, पोलिसांतर्गत टोळीत सामील होणे, चौकशीस असहकार आणि सहकाऱ्याचा अतिरेक न रोखणे यांचा समावेश होतो. न्यायालयातील शिक्षेची वाट पाहण्याची आवश्यकता राहिलेली नाही.

चौकशीच्या दृष्टीने या कायद्यातील दोन तरतुदी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, गंभीर गैरवर्तनाचा आरोप झाल्यास खात्याने दहा दिवसांच्या आत मंडळास कळविले पाहिजे. अधिकारी नोकरी सोडून गेला तर का गेला, हेही प्रतिज्ञेवर लिहून दिले पाहिजे. दुसरी अशी की, अधिकारी नोकरीत असो वा नसो, आरोपाची चौकशी खात्याने पूर्णच केली पाहिजे. "झाकली मूठ सव्वा लाखाची" असे मानून राजीनामा स्वीकारावयाचा आणि शेजारच्या गावास चांगल्या वर्तणुकीचा दाखला द्यावयाचा, ही जुनी पळवाट या दोन तरतुदींनी अडविली आहे.

निर्णयात नागरिकांनाही स्थान आहे. प्रकरणाचा विचार करून शिफारस करणाऱ्या सल्लागार मंडळात नऊ सदस्य असतात. त्यांपैकी पोलीस क्षेत्रातील केवळ दोघे असून उरलेल्यांत एक वकील, अभ्यासक आणि सामाजिक संस्थांतील नागरिक असतात. पोलिसांच्या अन्यायकारक बळाची झळ स्वतःला अथवा कुटुंबाला लागलेल्या व्यक्तींसाठीही त्यात दोन जागांवर प्राधान्य ठेवले आहे.

अधिकाऱ्याचे संरक्षण

सनद जाणे म्हणजे उपजीविकेचे साधन जाणे. ज्याने वर्षानुवर्षे दुसरे काही काम केलेले नाही, त्याच्यावर हा मोठाच आघात असतो. गुन्हेगार पकडणाऱ्या पोलिसाविरुद्ध सूडबुद्धीने खोट्या तक्रारी होतात, हेही नाकारता येत नाही. म्हणून सनदेची चौकशी जितकी कडक, तितकीच ती न्याय्य असली पाहिजे.

कॅलिफोर्नियात अधिकाऱ्यास प्रथम कारणे दाखविणारी सूचना दिली जाते आणि पुनर्विचार मागण्यासाठी तीस दिवसांची मुदत मिळते. सल्लागार मंडळाची सुनावणी जाहीरपणे होते. त्याच्या शिफारशीवर मानक आयोग विचार करतो. अधिकाऱ्यास तो निर्णय मान्य नसल्यास प्रशासकीय न्यायाधीशापुढे रीतसर सुनावणी होते आणि त्यानंतर न्यायालयाचे दार उघडे असते. पुराव्याची कसोटीही मध्यम स्वरूपाची आहे. फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय सिद्धता लागत नाही, पण नुसत्या वहिमावरही भागत नाही. पुरावा स्पष्ट आणि खात्रीलायक असावा लागतो. प्रामाणिक अधिकाऱ्यालाही अशा पद्धतीचा लाभच होतो, कारण एकाच्या दुष्कृत्याचा डाग साऱ्या दलावर राहत नाही.

सनदेच्या मर्यादा

सनदेची पद्धत आली म्हणजे सर्व प्रश्न सुटले असे मात्र नव्हे. फ्लोरिडा राज्यात ही पद्धत पुष्कळ आधीपासून आहे. बेन ग्रुनवाल्ड आणि जॉन रॅपापोर्ट या दोन कायदेपंडितांनी तेथील जवळजवळ ५०० खात्यांतील सुमारे ९८,००० अधिकाऱ्यांच्या तीस वर्षांच्या नोंदी तपासून २०२० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूर्वी एखाद्या खात्यातून काढले गेलेले सुमारे १,१०० अधिकारी कोणत्याही एका वर्षी राज्यात सेवेत असत. हे प्रमाण एकूण अधिकाऱ्यांच्या तीन टक्क्यांच्या आसपास होते. असे अधिकारी बहुधा लहान आणि साधनांची चणचण असलेल्या खात्यांत जात, आणि इतरांच्या तुलनेने ते पुन्हा काढले जाण्याचे व त्यांच्याविरुद्ध नैतिक स्वरूपाच्या तक्रारी होण्याचे प्रमाण अधिक असे.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. सनद रद्द करण्याचा अधिकार कागदावर असणे आणि तो वापरला जाणे यांत अंतर आहे. तसेच मंडळ स्वतः प्रत्येक गल्लीत हजर नसते. खात्याने जे कळविले त्यावरच त्याची कार्यवाही अवलंबून राहते. खात्याने चौकशी केलीच नाही, अर्धवट सोडली किंवा निष्कर्ष दडपला, तर मंडळापुढे येणार काय? चौकशी पोकळ असेल तर सनदही पोकळ ठरते.

राज्याराज्यांच्या सीमा ही आणखी एक अडचण आहे. एका राज्याने सनद काढून घेतलेल्या अधिकाऱ्याचे नाव दुसऱ्या राज्यास कळावे म्हणून मानक मंडळांच्या संघटनेने एक राष्ट्रीय सूची चालविली आहे. सूचीत सविस्तर हकीकत नसते. नाव आणि अधिक माहिती कोठे मिळेल एवढेच असते. तिच्यात नोंद करणे आणि भरतीपूर्वी ती पाहणे हे राज्यांच्या व खात्यांच्या दक्षतेवर अवलंबून आहे. केंद्रीय पोलीस यंत्रणांतील अधिकाऱ्यांच्या गैरवर्तनाची एक स्वतंत्र नोंद २०२२ च्या अध्यक्षीय आदेशान्वये डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली होती. परंतु जानेवारी २०२५ मध्ये तो आदेशच मागे घेण्यात आला आणि ती नोंद बंद पडली. कायद्याच्या आधाराशिवाय केवळ आदेशावर उभारलेली व्यवस्था किती अल्पायुषी असू शकते, याचे हे उदाहरण होय.

इंग्लंडमधील पद्धत

इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांना व्यक्तिगत सनद नाही. पण तेथे याच हेतूने दुसरा मार्ग चोखाळला आहे. २०१७ च्या कायद्याने निषिद्ध व्यक्तींची सूची निर्माण केली असून ती त्या वर्षीच्या डिसेंबरपासून अमलात आली. गैरवर्तनामुळे काढलेल्या अधिकाऱ्याचे नाव या सूचीत जाते आणि कोणत्याही पोलीस दलाला त्यास पुन्हा घेता येत नाही. अधिकारी राजीनामा देऊन गेला किंवा निवृत्त झाला, तरी गंभीर आरोपाची चौकशी पुढे चालविता येते. आणि तो सेवेत असता तर बडतर्फ झाला असता, असा निष्कर्ष निघाल्यास त्याचेही नाव सूचीत घातले जाते. मार्ग वेगळा असला तरी तत्त्व एकच आहे.

भारतीय परिस्थिती

भारतात पोलिसांसाठी वेगळी सनद नाही. राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदानुसार, काही अपवाद वगळता, चौकशी करून बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून राज्याच्या सेवकास बडतर्फ करता येत नाही वा सेवेतून काढता येत नाही. या दोन शिक्षांत महत्त्वाचा भेद आहे. सेवेतून काढलेली व्यक्ती पुढे शासकीय सेवेस अपात्र ठरत नाही. बडतर्फ केलेली व्यक्ती मात्र सामान्यतः अपात्र ठरते. म्हणजे बडतर्फीत सनद गमावण्याचा थोडा अंश आहे. २००५ च्या खाजगी सुरक्षा संस्थांविषयीच्या अधिनियमात तर याहून स्पष्ट तरतूद आहे. राज्य पोलीस दलातून गैरवर्तन किंवा नैतिक अधःपतन या कारणाने बडतर्फ केलेल्या अथवा काढून टाकलेल्या व्यक्तीस खाजगी सुरक्षारक्षक म्हणूनही नेमता येत नाही.

चौकशी निःपक्षपाती व्हावी यासाठी सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग प्रकरणी २२ सप्टेंबर २००६ रोजी राज्य व जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापन करण्याचा आदेश दिला. उपअधीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी जिल्हा प्राधिकरणाकडे आणि अधीक्षक व त्यावरील अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी राज्य प्राधिकरणाकडे जाव्यात, अशी ती योजना आहे. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक येथे अशी प्राधिकरणे आहेत. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत किंवा बलात्कार अशा प्रकरणी नागरिकास पोलीस खात्याबाहेर दाद मागण्याची ही एक जागा आहे. गावातील शिक्षक, सरपंच आणि ग्रामसेवक यांनी हा मार्ग लोकांच्या माहितीस आणून दिल्यास अनेकांची पायपीट वाचेल.

सारांश

बडतर्फीने एक जागा रिकामी होते; सनद रद्द झाल्याने व्यवसायाचे दार बंद होते. सनदेमुळे चौकशीला स्मरणशक्ती येते आणि राजीनाम्याने ती पुसली जात नाही. परंतु सनदेचे बळ चौकशीच्या खरेपणात असते. वेळेवर घेतलेली तक्रार, पूर्ण केलेली चौकशी, लिहून ठेवलेला निष्कर्ष आणि नव्या भरतीपूर्वी उघडून पाहिलेले जुने दप्तर या चार गोष्टींपैकी एक जरी राहिली, तरी उरलेल्या तिन्ही व्यर्थ जातात. क्लीव्हलँडमध्ये वरिष्ठाचा अभिप्राय लिहिलेला होता. तो कोणी मागवून वाचला नाही.

विचारार्थ प्रश्न

१. नोकरीतून काढणे आणि सनद रद्द करणे यांत कोणता भेद आहे? वकिलाचे उदाहरण घेऊन स्पष्ट करा.
२. चौकशी चालू असताना राजीनामा दिलेल्या अधिकाऱ्याची चौकशी पुढे का चालवावी?
३. फौजदारी न्यायालयातून सुटलेल्या अधिकाऱ्याची सनद रद्द करणे न्याय्य ठरेल काय? दोन्ही बाजू मांडा.
४. खोट्या तक्रारींपासून प्रामाणिक अधिकाऱ्याचे संरक्षण करण्यासाठी चौकशीत कोणत्या पायऱ्या असाव्यात?
५. आपल्या राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे तक्रार कशी नोंदवावी, याची माहिती तालुक्याच्या ठिकाणाहून मिळवून गावात वाचून दाखवा.